काठीवरच्या खुणा

शनिवार, ९ फेब्रुवारी १९५७

रात्रशाळेचे मास्तर म्हणाले होते, "तांबे, रोज अर्धे पान लिहीत जा, नाहीतर जोडाक्षरे विसरशील." आठवी अर्धी सोडली त्याला पाच वर्षे झाली. वही आज घेतली. आज ऑफिसात जे काम मिळाले ते कुठेतरी उतरवले नाही तर डोक्यात तेच फिरत राहील.

मालक मनमोहनराव ठाकुरद्वारला बसून लोकांना जागा मिळवून देतात. मी त्यांची पत्रे आणि जाहिराती लिहितो. रंगाच्या एका कंपनीचा गोरा मॅनेजर एप्रिलअखेर येतो आहे. त्याला उपनगरात भाड्याने बंगला हवा, आणि बंगल्यात पोहायला पाणी हवे.

"तलाव पाहिजे रे साहेबाला," मनमोहनराव म्हणाले. "घरातल्या घरात तलाव. दे जाहिरात."

मी लिहिले, 'उपनगरात तलावासह बंगला भाड्याने पाहिजे.' तीनदा तपासले. 'उपनगरात'मधला उ ऱ्हस्व.

घरी नायगावला आलो तर धाकटी बहीण कांता दारात बसून डावा पाय दोन्ही हातांनी उचलून उंबऱ्याच्या आत घेत होती. चार वर्षांची असताना ताप आला, तेव्हापासून तो पाय लुळा. आता नववे संपेल. आईने मंगळवारी तिला पुन्हा दवाखान्यात नेले होते. डॉक्टरांनी तेच सांगितले. तेलाने होणार नाही, पाण्यात पाय हलवू दे. संथ पाणी, छातीएवढे, रोज अर्धा तास, सहा महिने. वय वाढले की मग उपयोग नाही.

आईने विचारले, "नळाखाली बसवलं तर?"

डॉक्टर हसले म्हणे. आईला ते अजून लागले आहे.

रविवार, १७ फेब्रुवारी

जाहिरातीला चार उत्तरे. मनमोहनरावांनी मला बघून यायला पाठवले. मुलुंडच्या पलीकडे एका गृहस्थाने हौसेने सगळे दाखवले. बंगला बरा. तलाव म्हणजे खरोखरचा तलाव, कमळे आणि सहा म्हशी.

मी म्हटले, "साहेबाला पोहायचं आहे."

"पोहू दे की! म्हशी दुपारी बसतात. साहेबानं सकाळी उतरावं. कुणाचं कुणाला काय?"

दुसऱ्याकडे विहीर, तिसऱ्याकडे गुरांची पाण्याची टाकी. चौथा तलाव भाद्रपदात भरतो असे सांगण्यात आले.

चूक माझी. शब्द शुद्ध लिहिला होता, पण तो नेमका नव्हता. फार अस्वस्थ वाटते.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

मनमोहनरावांनी म्हशींची गोष्ट सगळ्या ऑफिसला सांगितली. मला आता 'म्हशींचे तांबे' म्हणतात. नवीन जाहिरात दिली, 'उपनगरात पोहण्याचा बांधीव हौद असलेला बंगला भाड्याने पाहिजे.' छापखान्यात उभा राहून अक्षरांचे खिळे जुळेपर्यंत हललो नाही.

घरी येताना चाळीच्या दाराशी शिवा पेंटर शिडीवर. निवडणुकीचे फलक संपले की तो मंडळाची पाटी रंगवतो. वर पाहिले तर 'बौध्द जन मंडळ'. मी म्हटले, "शिवा, द आधी, ध नंतर. ध खाली जोडायचा."

"अरे, द वर काय नि ध वर काय, भगवंताला सगळं सारखं!"

"भगवंताला असेल. वाचणाऱ्याला नाही."

"डिसेंबरात दादरच्या वाळूत आपण सगळे बौद्ध झालो तेव्हा कुणी इचारलं होतं काय, द आधी का ध?" असे म्हणून त्याने शिव्या दिल्या, पण पुसले. मी शिडी धरून उभा राहिलो. आता पाटी बरोबर आहे. आई अजून 'बुध' म्हणते. तिला मी सुधारत नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

चेंबूरहून पत्र आले. अक्षर जुन्या वळणाचे, सरळ. पत्र इथे उतरवून ठेवतो, कारण असे पत्र मला पूर्वी कधी आलेले नाही.

'हल्लीच्या जाहिरातींत ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध राहिलेला नाही. आपली जाहिरात निर्दोष आहे, म्हणूनच उत्तर लिहीत आहे. माझ्या बंगल्यात बांधीव हौद आहे. बारा वर्षे कोरडा आहे. लिहिणाऱ्यासच पाठवावे. सुमतीबाई.'

मनमोहनराव म्हणाले, "आमच्या नात्यागोत्यातली बाई. नवरा सॉलिसिटर होता. भल्याभल्यांना फाटकातून परत पाठवते. तू जा, पण जपून बोल."

रविवार, ३ मार्च

चेंबूर. फाटकाबाहेरच्या भिंतीवर पोरांनी डांबराने लिहिलेले, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. 'पाहिजे'तली दुसरी वेलांटी खरवडून पहिली केलेली.

सुमतीबाई साठीच्या पुढच्या. म्हणाल्या, "ती वेलांटी मी सुधारली. लिहू दिलं पोरांना, पण म्हटलं, माझ्या भिंतीवर 'पाहीजे' चालणार नाही. आता आपण मराठी सगळे एक झालो तरच मुंबई मिळेल. नाव काय म्हणालात?"

"रामदास तांबे."

"तांबे. गाव?"

"संगमेश्वराकडे."

"तरीच," त्या म्हणाल्या. "शुद्धलेखन काही शिकवून येत नाही. ते घरातून यावं लागतं. आमच्या यजमानांचे एक गुरुजी तांबेच होते, तिकडचेच. मोठे वैदिक."

मी आबांचा, माझ्या वडिलांचा, विचार केला. आबा रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडके ओढतात आणि अंगठा करतात. मी म्हटले, "हौद पाहू का?"

हौद मागे, आंब्याखाली. चाळीस पावले लांब, पंधरा रुंद. एका टोकाला उथळ, उतरायला पायऱ्या. आत पालापाचोळा आणि मोडकी खाट. माळी धोंडू म्हणाला, "बाईचे मालक रोज सकाळी पोवायचे. ते गेले नि बाईनं पाणी सोडून दिलं."

उथळ टोकाला मी आत उतरून उभा राहिलो. माझ्या कमरेच्या वर कठडा. म्हणजे पाणी कांताच्या छातीएवढे येईल. हे मी साहेबासाठी मोजत नव्हतो, हे लिहून ठेवतो.

शनिवार, १६ मार्च

संयुक्त महाराष्ट्र समितीचे बरेच उमेदवार निवडून आले. चाळीत दोन दिवस गुलाल. माझे लक्ष हौदात.

कंपनीच्या माणसाने बंगला पाहिला आणि पसंत केला. अट एकच, हौद गळता कामा नये. भरून महिनाभर पाहायचे. रोज पातळी मोजण्याचे काम माझ्याकडे. धोंडूने हौद घासला, विहिरीवरच्या पंपाने तीन दिवस भरला.

आबांनी वखारीतून सागाचा तुकडा आणून मला काठी करून दिली. चाकूने बोटाबोटावर खुणा कोरल्या. "सायबाचा हौद मापायला सागच लागतो," म्हणाले. एकेक खूण करताना जिभेचे टोक बाहेर. अक्षर येत नाही, पण खुणा एका रेषेत.

गुरुवार, २१ मार्च

पाणी रोज थोडे उतरते. पहिल्या दिवशी काठी पाचदा बुडवून पाहिली. गळती असेल तर बंगला गेला. मग सुचले की उन्हानेही पाणी उडते. शेजारी त्याच उन्हात पाण्याने भरलेले घमेले ठेवले. दोन्हीकडे सारखेच उतरते. म्हणजे हौद गळत नाही. सुमतीबाईंना सांगितले. म्हणाल्या, "हुशार आहेस रे!" 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या.

मी धीर केला. माझी धाकटी बहीण आहे, तिचा पाय, डॉक्टर, सगळे एका दमात सांगितले. साहेब येईपर्यंत अर्धा तास रोज तिला उथळ टोकाला...

त्यांनी वाक्य पुरे होऊ दिले नाही. "विचारतोस काय? आण."

रविवार, २४ मार्च

कांताला खांद्यावर घेऊन वडाळ्यापर्यंत चाललो, तिथून गाडीने चेंबूर. सुमतीबाईंनी तिच्यासाठी आपल्या जुन्या रेशमी पोलक्यातून पोहायचा आखूड झगा शिवून ठेवला होता.

कांता पायरीवर बसली आणि रडू लागली. "दादा, खाली जमीन दिसते पण लागत नाही."

सुमतीबाई काठावर खुर्ची टाकून बसल्या. "रडायचं तर पाण्यात रड ग. पाणी वाढेल तेवढंच. तुझ्या दादाच्या काठीला काम."

कांता हसली. मी तिला काखेत धरून उतरवले. लुळा पाय पाण्यात आपोआप वर आला, तरंगला. ती त्याच्याकडे बघतच राहिली, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखी.

तिच्या हलण्याने काठीवर पाणी एका खुणेएवढे वरखाली होत होते. वहीत लिहिले, कारण, कांता.

रविवार, ३१ मार्च

रोज सकाळी जातो, दहाला ऑफिसात. कांता आता कठडा धरून दोन्ही पाय मारते. डावा उशिरा येतो, पण येतो. सुमतीबाई वरून मोजतात, "एक... दोन... अग दुसरा कुठे राहिला? गिरगावात?" धोंडूसुद्धा झारी खाली ठेवून बघतो.

नंतर त्या तिला पोळीचा लाडू देतात आणि शब्द घालतात. आज 'आशीर्वाद'. कांताने पाटीवर बरोबर लिहिला. सुमतीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ. रक्तात असतं ते."

मी घमेल्यातले पाणी मोजायला गेलो.

ही चूक मी दुरुस्त करत नाही, एवढे मला कळते. माझे नाव खरे आहे, गाव खरे आहे. खोटे असे मी काही बोललो नाही. तरी रोज फाटकाशी आलो की सुमतीबाई आज काय विचारतील ते आधी मनात तपासून घेतो.

रविवार, ७ एप्रिल

आज कांता कठडा सोडून सात हात गेली. बुडाली, वर आली, खोकली आणि म्हणाली, "परत."

सुमतीबाईंनी मला व्हरांड्यात बोलावले. मागे माळ्याची खोली रिकामी आहे, धोंडू आपल्या घरून येतो. साहेबाला हौदाची निगा राखायला माणूस लागेलच. "तुझ्या आईवडिलांना आणि हिला घेऊन तू इथंच राहायला ये. मी कंपनीला तसं लिहीन. साहेब सकाळी नऊशिवाय उठणार नाही. तोवर हौद हिचा."

सहा महिने नव्हे, सगळे वर्ष. मी पाया पडलो. धोंडूने मला खोली दाखवली. खिडकीतून हौद दिसतो.

"बुधवारपर्यंत रजिस्टर भर," सुमतीबाई म्हणाल्या. "यजमानांच्या वेळेपासून आवारात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद असते. तुझं अक्षर चांगलं, तूच भर."

रजिस्टर कापडी पुठ्ठ्याचे. रकाने असे: नाव. गाव. जात. माणसे किती. मी म्हटले, शाई चांगली नाही, माझी घेऊन येतो.

मंगळवार, ९ एप्रिल

मनमोहनरावांना विचारले. ते मला कामावर ठेवतानाच सगळे जाणून होते, मास्तरांच्या चिठ्ठीत होते. त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

"रकाना आहे म्हणून भरलाच पाहिजे असं कुठे आहे?" ते म्हणाले. "नाव लिही, गाव लिही, मधला सोड. ती तांबे ऐकून काय समजायचं ते समजली आहे. तू कशाला तिची समजूत मोडतोस?"

"पण मोकळा रकाना दिसेल."

"दिसू दे! अरे, पोरीचा पाय मोठा का रकाना?"

बरोबर आहे. पोरीचा पाय मोठा. मी हे वाक्य ऑफिसच्या कागदावर चारदा लिहिले आणि फाडले.

शुक्रवार, १२ एप्रिल

बुधवारी ताप आहे असे सांगून गेलो नाही. काल गेलो, तर शाई विसरलो म्हटले. सुमतीबाई हसल्या.

अडचण अशी. रकाना मोकळा सोडला तर ते खोटा शब्द न लिहिता खोटे लिहिणे. पूर्वीचा शब्द लिहिला तर तो आम्ही दादरच्या वाळूत ठेवून आलो. 'बौद्ध' लिहिला तर तेही अशुद्ध, कारण बौद्ध ही जात नाही, आणि रकाना जातीचा आहे. मी घरी कुणाला काही सांगितलेले नाही. आई भांडी बांधायला लागली आहे.

सोमवार, १५ एप्रिल

काल जयंती. ते गेल्यानंतरची पहिली. शिवा, आबा, सगळी चाळ पांढऱ्या कपड्यांत. शिवाने मोठा फलक केला होता आणि मला आधी दाखवला, "बघ रे, मास्तर, कुठं चुकलंय?" कुठेच चुकले नव्हते.

आज सकाळी चेंबूरला गेलो. कांता पाण्यात होती. मी व्हरांड्यात बसून रजिस्टर उघडले. नाव, रामदास बाबुराव तांबे. गाव, संगमेश्वर. मग तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर छापलेला 'जात' हा शब्द पट्टी धरून एका रेघेने खोडला. वर बारीक अक्षरात लिहिले, 'धर्म'. खाली लिहिले, 'बौद्ध'. माणसे, चार.

टिपकागद लावला. सुमतीबाईंनी चष्मा चढवला. बराच वेळ वाचत होत्या. चारच रकाने होते.

"अक्षर छान आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आज लाडू द्यायचे त्या विसरल्या. पण मला इतके हलके वाटले की ठाकुरद्वारपर्यंत कसा आलो ते आठवत नाही.

बुधवार, १७ एप्रिल

सुमतीबाई काल आणि आज काठावर आल्या नाहीत. गुडघे दुखतात असे धोंडू म्हणाला. आज व्हरांड्यातूनच बोलल्या, "तुम्ही मोजलंत का?" पुन्हा 'तुम्ही' म्हणाल्या. रजिस्टरातले अक्षर पाहून मान वाढला असावा.

कांताने आज कुणी मोजायला नसताना अकरा हात काढले. मग खुर्चीकडे बघितले. खुर्ची आत नेलेली होती.

शुक्रवार, १९ एप्रिल

हौद रिकामा.

फाटकातून आत आलो तर मोरी उघडलेली, तळाला गुडघाभर गढूळ पाणी, धोंडू केरसुणीने ते लोटतो आहे. मी ओरडलो, "काय झालं?"

"गळतोय," तो खाली बघत म्हणाला. "बाई म्हणाल्या, गळतोय."

गळती? कालपर्यंतच्या तेहतीस नोंदी माझ्याकडे आहेत. घमेले आणि हौद, रोज सारखे. मी वही दाखवायला व्हरांड्यात गेलो. दार लोटलेले होते. आतून सुमतीबाई म्हणाल्या, "तुमची काठी चुकत असेल." आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता.

कांता झगा घालून खांद्यावर बसली होती. तसाच परत फिरलो. रस्ताभर ती एकच विचारत होती, "दादा, माझ्या पाय मारण्यानं फुटला का?"

काठी चुकली असेल. बांबू न घेता साग घेतला, लाकूड पाण्यात फुगते. मला हे आधी सुचायला हवे होते.

मंगळवार, २३ एप्रिल

मनमोहनरावांकडे सुमतीबाईंचा निरोप. माळ्याच्या खोलीचे छप्पर काढायचे आहे, तिथे सध्या कुणाला ठेवता येणार नाही. कांताचा झगा परत आणू नये, तिच्याकडेच राहू द्यावा.

मी म्हटले, "बाई मनाने उदार आहेत."

मनमोहनराव माझ्याकडे बघत राहिले. मग टेबलावरची पत्रे पुढे ढकलली. "ही आज जायला हवीत."

घमेले आणायला एकटाच चेंबूरला गेलो. हौद चुन्याने पांढरा केलेला. धोंडू फाटकापर्यंत आला. "शुक्रवारी भटजीबुवा येणार हायत. हौदाची शांत करायची म्हणतात." साहेब राहायला येणार, म्हणजे वास्तुशांत असेल. हौदाचीही करतात हे माहीत नव्हते.

धोंडूने घमेले माझ्या हातात दिले नाही. खाली ठेवले, मग मी उचलले.

रविवार, २८ एप्रिल

सागाची काठी चार दिवस पिंपात उभी करून ठेवली आणि आज पट्टी लावून प्रत्येक खूण मोजली. एक दोराभरही फरक नाही.

आबा खाटेवरून बघत होते. "काय करतोस रं?"

"खुणा तपासतोय. कुठंतरी चुकलंय."

"माझ्या खुणा बरोबर हायत."

"मग गळती कशी..."

"न्हाय गळत तो." आबांनी बिडी विझवली. "त्या बाईला तू काय लिवून दिलंस?"

मी सांगितले. रकाना, रेघ, वरचा शब्द, खालचा शब्द. आईचा हात तव्यावर थांबला. मी शिव्यांची वाट बघत होतो. नंतर शांतीचेही सांगितले, वास्तुशांत असेल म्हणालो.

आबांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "मी तुझ्याएवढा होतो तवा महाडला गेलो व्हतो. चवदार तळ्यावर. त्यांच्या मागनं हजारो माणसं चालत. ओंजळभर पाणी प्यालंव. गोड नव्हतं, इतर पाण्यासारखंच व्हतं. आमी घरला पोचायच्या आत गाववाल्यांनी त्या तळ्याची शांत केलान. घागरी भरून भरून पाणी काढलान, शेणमूत वतलान, मंत्र म्हटलान." त्यांनी काठी हातात घेऊन वरून खालपर्यंत बोट फिरवले. "त्यांचं तळं मोठं, म्हणून घागरी मोजाव्या लागल्या. तुझ्या बाईचा हौद बारका. बूच काढलान, झालं."

कांता झोपली असावी असे वाटले होते. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यानं फुटला नाही?"

"न्हाय ग माझे बाय," आबा म्हणाले.

धोंडूने घमेले खाली ठेवले तेव्हाच मला कळायला हवे होते. कदाचित कळले होते. या वहीत 'गळती' हा शब्द मी तीन वेळा लिहिला, तिन्ही वेळा दीर्घ ती. तेवढेच बघितले.

सोमवार, ६ मे

साहेब बंगल्यात आला. मनमोहनराव म्हणाले, "हौद भरलाय परत, काठोकाठ. थेंब गळत नाही." मग समोरची फाइल बंद केली. थोड्या वेळाने म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं, रकाना सोड म्हणून."

"हो."

"सोडला असतास तर आज पोर पोहत असती."

"हो."

अडीच आठवडे झाले, कांताचा पाय पुन्हा थंड लागतो. आई माझ्याशी कामापुरती बोलते. आपण बरोबर लिहिले याबद्दल मला शंका नाही, आणि तिच्या पायाकडे बघितले की शंकाच शंका. दोन्ही एकाच वेळी असू शकते हे लिहून ठेवतो.

संध्याकाळी आबांना डॉक्टरांचे सगळे पुन्हा सांगितले. संथ पाणी, छातीएवढे, अर्धा तास. समुद्राला लाटा असतात म्हणून तो नको.

आबा म्हणाले, "डाक्टर वखारीत कामाला नसल." आणि जेवायला बसले.

रविवार, १२ मे

वखारीत आबांबरोबर काम करणारे गंगाधर कोळी वरळीच्या कोळीवाड्यात राहतात. आज आबा आम्हांला त्यांच्याकडे घेऊन गेले. आईही आली. मी काठी घेतलेली बघून आबा म्हणाले, "आता काय दर्या मापतोस?" पण ठेव म्हणाले नाहीत.

गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे मासळी वाळत घातलेली. कोळीवाड्याच्या आतल्या अंगाला, जिथे होड्या बांधतात, तिथे उतरलो. वारा बाहेरच्या बाजूला राहतो. पलीकडे दादरची वाळू दिसत होती.

आबा म्हणाले, "रे रोडला वंडके पाण्यातनं येतात. पाणी चढत असलं की वंडका पाय मोडतो, उतरत असलं की पळून जातो. भरती पुरी झाली की थोडा येळ पाणी गप्प ऱ्हातं. न्हाय चढत, न्हाय उतरत. तवाच आमी वंडका हात लावून फिरवतंव. लेकरासारखा फिरतो. पाव तास, कधी अर्धा."

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"तुझा हौद बरा चालला व्हता," ते म्हणाले.

गंगाधरकाकांची बायको कमलाबाई टोपली घेऊन चालली होती, ती थांबली. "कोणाची गो पोर? रेशमाचा झगा घालून दर्यात?" कांता लाजली. "लाजतेस कशाला, म्हावरं काय बघत नाय!"

पावणेअकराला आबा म्हणाले, "आता."

कांता माझ्या हातावरून पाण्यात गेली. हौदापेक्षा गढूळ, तळ दिसत नाही. कठडाही नाही. दोनदा माझ्या गळ्याला मिठी मारली, खारट पाणी थुंकली आणि "हे वाईट लागतं" म्हणाली. मग होडीचा दोर धरला. उजवा, डावा. उजवा, डावा. आई काठावरून मोजू लागली. तिला वीसपर्यंतच येते, म्हणून वीस झाले की ती पुन्हा एकपासून. कांताने दोर सोडला आणि पुढच्या होडीपर्यंत गेली. नऊ हात. चेंबूरपेक्षा कमी. परत आली.

मी काठी चिखलात रोवून उभा होतो. पाणी आबांच्या अकराव्या खुणेवर आले आणि तिथेच थांबले. घड्याळात बावीस मिनिटे ते खूण सोडून हलले नाही. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा आठ कमी. मग बोटभर खाली सरकले.

"चला, भायेर," आबा म्हणाले. "आता उतरणार."

"पुन्हा कधी भरेल?" कांताने विचारले.

"रोज भरतं. रोज पाऊण तास उशिरानं. कुणाला इचारत न्हाय."

ऑफिसातून कसे सुटायचे ते बघावे लागेल. मनमोहनरावांना उद्या अर्ज देतो, खरे कारण लिहून. घरी आल्यावर आबांना विचारून वेळा उतरवल्या. सोमवारी साडेअकरा. मंगळवारी सव्वाबारा. बुधवारी एक. गुरुवारी पावणेदोन, आई नेईल. शुक्रवारी अडीच. शनिवारी ऑफिस दोनला सुटते, भरती सव्वातीन, मी वेळेवर पोहोचेन.